पत्र्यावर बसतं का?

भावाचा फोन होता, सांगलीहून. मी फोन स्पीकरवर टाकून मेथी निवडत बसले होते आणि तो जाम खुशीत, "अगं जमा झाले, अठ्ठ्याहत्तर हजार, डायरेक्ट खात्यात, कुणाच्या हातावर एक रुपया ठेवावा लागला नाही." त्याच्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसलंय, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून, त्याची सबसिडी आली होती. मावशी पलीकडे फरशी पुसत होत्या. मी फोन ठेवल्यावर फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "ताई, एवढं पैसं सरकार देतं? समद्यांला?" मी म्हणलं हो, म्हणजे ज्याला बसवायचंय त्याला. "मग आमच्या पत्र्यावर बसतं का?" मी म्हणलं बसत असावं, पत्र्यावर वेगळं स्ट्रक्चर लावतात, चौकशी करते. त्यांनी बादली उचलली आणि बाल्कनी पुसायला गेल्या. विषय संपला, पण माझ्या डोक्यातून काही तो जाईना, कारण त्यांच्या बाबतीत पत्रा ही अडचणच नव्हती आणि हे मला विचारलं त्याच क्षणी माहीत होतं. पत्रा मालकाचा आहे. मीटर मालकाचं आहे. मावशींचं फक्त खाली राहणं आहे.

त्यांच्या खोलीवर मी गेलेय, पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत, धाकट्या मुलीचं बारशाचं आमंत्रण होतं तेव्हा. एप्रिल होता. अरुंद जिना चढून वर गेलं की आधी डोक्यावर गरम हवा येते आणि मग खोली येते. वर पत्रा, पत्र्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड आणि जुनं टायर, आत पत्र्याच्या खाली थर्माकोलचे तुकडे दोरीने बांधलेले. पंखा फुल स्पीडवर आणि तो वरची गरम हवाच खाली ढकलत होता. पाळण्यातलं बाळ घामेजून झोपलेलं आणि सगळ्या बायका त्याच्याकडे पुठ्ठ्याने वारा घालतायत. म्हणजे ऊन जर कुठे सगळ्यात जास्त पडत असेल, तर ते या वस्तीवर पडतं, सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत, मध्ये एक झाड नाही की उंच बिल्डिंग नाही. सोलरवाल्या एजन्सीच्या माणसाला दाखवलं तर तो खूश होईल अशी साईट. आणि त्याच खोलीत मालक सबमीटर लावून बारा रुपयांनी युनिट देतो. एक पंखा, एक ट्यूब, टीव्ही, फोनचं चार्जिंग, पोरीला हवा म्हणून घेतलेला जुना फ्रिज. महावितरणचा शंभर युनिटच्या आतला दर यापेक्षा बराच कमी आहे, पण तो दर मिळायला मीटर तुमच्या नावावर पाहिजे.

भावाचं मला कौतुक आहे हे आधी सांगते, नाहीतर वाटायचं की मी त्याच्यावर जळते. त्याने सगळं स्वतः केलं. नॅशनल पोर्टलवर अर्ज टाकला, तीन एजन्सींचे कोटेशन मागवले, बँकेकडून लोन घेतलं (दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही, व्याजही कमी), पॅनेल भारतीयच पाहिजेत नाहीतर सबसिडी मिळत नाही म्हणून प्रत्येक पॅनेलचा नंबर तपासला. हिशोब सोपा आहे, पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि मग थांबलं, तुम्ही दहा किलोवॅट बसवलं तरी ७८,००० च. पण हे पैसे आधी मिळत नाहीत, आधी तुम्ही सगळे भरायचे, सिस्टीम बसली, नेट मीटर (ग्रीडला गेलेली आणि तिथून घेतलेली वीज मोजणारं) लागलं, तपासणी झाली की मग ते खात्यात येतात. हा "आधी भरायचे" भाग जाहिरातीत कधी मोठ्या अक्षरात दिसत नाही. त्याची एकच चिडचिड आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि याचं बिल त्याच्या दोन महिने आधीचं. ते तो अजून प्रत्येक कार्यक्रमात काढतो.

आता त्याचा दिवस मोबाईलमधल्या ॲपवर चालतो. फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या जागी "आज १३.२" असे आकडे येतात. आभाळ आलं की हा उदास. वहिनी वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री सगळं दुपारी बारा ते तीनमध्ये उरकते, खरं तर नेट मीटरिंगमध्ये त्याची गरज नसते, दिवसा जास्तीचं ग्रीडला गेलं ते रात्रीच्या वापरातून वजा होतं, ३१ मार्चपर्यंत शिल्लक पुढे जात राहते. पण तिचं म्हणणं, आपली वीज आपण ताजी ताजी वापरावी. यावर कोण काय बोलणार. जुलैत रोजचं पाच-सहा युनिटवर आलं तेव्हा त्याने ग्रुपवर आकडे टाकणंच बंद केलं. आणि एकदा भर दुपारी लाईट गेली आणि याच्याही घरात अंधार, पंखे बंद, समोरचे काका गेटवर येऊन म्हणे, "काय हो, सोलर असून तुम्हीपण घामात?" ग्रीडला जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर पोलवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. भावाने हे काकांना समजावलं, पण काकांना ते समजून घ्यायचंच नव्हतं, त्यांना मजा घ्यायची होती.

आमच्या घरात ही सरकारी उन्हाची आवड जुनी आहे. वडील सरकारी नोकरीत, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी सबसिडीतला सोलर कुकर आणला होता. सुटकेससारखी दिसणारी ती पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा, आणि काळे रंगवलेले चार डबे. सकाळी दहाला आई डाळ-तांदूळ लावायची आणि वडील ऑफिसला जाण्याआधी पेटी सूर्याकडे तोंड करून ठेवायचे, मग आम्ही पोरांनी दर तासाला ती सरकवायची. एक वाजता भात व्हायचा, मोकळा, दाणा न् दाणा वेगळा, पण त्याला कुकरच्या भातासारखा वास नव्हता आणि आजीला तो कच्चाच वाटायचा. शेंगदाणे मात्र त्यात अप्रतिम भाजायचे, सालं बोटाने नुसती चोळली की निघायची, तसे शेंगदाणे मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत. दोन उन्हाळे चाललं. मग काचेच्या आत वाफ धरायला लागली, रबर गेलं, रबर कुठे मिळेना, आणि पेटीत आजीने लसूण ठेवायला सुरुवात केली. गावाकडे काकांचा गोबरगॅस होता त्याची पण हीच कथा, त्याला पण अनुदान, उद्घाटनाला साहेब आले, नारळ फुटला, फोटो निघाला. मग म्हशी विकल्या आणि शेणच संपलं. टाकीचा लोखंडी घुमट कितीतरी वर्षं परड्यात उलटा पडून होता, पावसात त्यात पाणी साठायचं आणि आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो.

म्हणून सबसिडी म्हणलं की माझ्या मनात थोडं हसू येतं, अजूनही. वस्तू घरी येते पण ती चालवायला जे लागतं, शेण, रबर, एक वाजेपर्यंत जेवायला थांबण्याचा धीर, ते अनुदानात येत नाही. पुण्यात तर आमच्याकडे सोलर बंब, गांडूळ खत आणि पावसाचं पाणी जिरवणं यांसाठी मिळकतकरात सवलत असते, एक असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १०. त्या सवलतीपायी बांधलेले किती गांडूळ खड्डे आज सोसायट्यांच्या मागे कोरडे पडलेत ते कुणीही जाऊन बघावं, गांडुळं सोडून सगळं सापडेल. पण छतावरचं सोलर वेगळं आहे हे मान्य करायला पाहिजे. ते काही मागत नाही. पंधरा दिवसांनी पाणी मारलं की झालं, बाकी ते पडून राहतं आणि तुमचं बिल खाऊन टाकतं. या योजनेला लोकांनी डोक्यावर घेतलं ते त्यामुळेच, पर्यावरण वगैरे नंतर. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा एक कोटी घरांचं टार्गेट आणि ७५,०२१ कोटींचा खर्च ठरला, आणि आता आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात एक तरी माणूस असा भेटतो जो जेवणाच्या पंगतीत मोबाईल काढून शून्य रुपयांचं बिल दाखवतो.

हे सोलर बिल खातं ते कुणाचं, हा मात्र मुद्दा आहे. आपल्याकडे वीज स्लॅबने महाग होत जाते, शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत वेगळा, पुढे अजून वर. त्यामुळे ज्याच्या घरी दोन एसी आहेत त्याचं सोलर पटकन वसूल होतं, कारण त्याची महागातली युनिटं वाचतात. ज्याचं महिन्याचं बिलच पाचशे रुपये त्याने दोन लाख कशासाठी घालायचे? तो घालतही नाही. हे सरकारला कळत नाही असं नाही, कारण महाराष्ट्राने २०२५ मध्ये खास शंभर युनिटच्या आतल्या लोकांसाठी स्मार्ट नावाची योजना आणली. त्याचं गणित मी वाचलं तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. एक किलोवॅट, साधारण ५०,००० रुपये खर्च, केंद्राचे ३०,०००, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्याचे वरून १७,५००, म्हणजे घरच्याने फक्त अडीच हजार घालायचे. एक किलोवॅट महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देतं. पंखा, ट्यूब, टीव्ही, जुना फ्रिज, सगळं त्यात बसतं. मी दुसऱ्या दिवशी मावशींना सांगायला पण गेले, ते बसतंय बरं का, अडीच हजारात बसतंय, पण बिल तुमच्या नावावर पाहिजे आणि घर पण. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग मालकालाच सांगा की." आणि पुढे, कणिक भिजवता भिजवता, "त्यानं बसवलं तरी आमाला बारानंच देणार."

यावर मला खरंच काही सुचलं नाही. कारण ते शंभर टक्के खरं होतं. मालकाचं बिल शून्य होईल, मावशींचं बारा रुपयेच राहील, आणि पत्रा मात्र आणखी दोन बोल्टांनी भोकं पडून पावसात गळेल.

माझी भाची अमेरिकेत मिनेसोटाला असते, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, सहावा मजला, गच्ची बघितली पण नाही म्हणते. तिच्याकडे सोलर आहे. म्हणजे तिकडे २०१३ साली कायदा झाला, शेतात कुठेतरी मोठं सोलर उभं करतात, त्याला चक्क सोलर गार्डन म्हणतात, आणि तुम्ही त्यातला हिस्सा घ्यायचा, जेवढी वीज तुमच्या हिश्श्याला येईल तेवढं क्रेडिट तुमच्या बिलात. घर बदललं तरी हिस्सा तुमच्यासोबत येतो, त्याच कंपनीच्या भागात राहिलात तर. मला हे ऐकून इतकं आवडलं की मी लगेच मावशींचा विषय काढला. तर भाची मला म्हणाली, "मावशी, पण बिल माझ्या नावावर आहे ना." बस. तिथे येऊन परत तेच. दिल्लीत पण २०१९ पासून व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम आहेत, सोलर एकीकडे आणि त्याची युनिटं वाटून भलत्याच घरांच्या बिलात, गच्ची नसली तरी चालेल. ग्राहक क्रमांक नसला तर नाही चालत. मी इतके दिवस समजत होते की प्रश्न छताचा आहे, छप्पर ज्याचं त्याचं ऊन. पण छतावर तोडगे निघालेत, भरपूर निघालेत. वीज कंपनीच्या वहीत ज्याचं नावच नाही त्याच्यापर्यंत पोचायला कुणी काही काढलेलं नाही.

आणि असं पण नाही की आपल्याकडे सरकारला लोकांच्या छताशिवाय काही जमत नाही. शेतकऱ्यांचं बघा. माझ्या माहेरी ऊसाला पाणी द्यायला रात्री दोनला उठून जायचे सगळे, बॅटरी आणि काठी घेऊन, सापाच्या भीतीने पाय आपटत. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीमध्ये सबस्टेशनजवळच्या सरकारी जमिनीवर सोलर प्लांट उभे करतायत आणि त्या फीडरवरच्या, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या त्या लाईनवरच्या, सगळ्या पंपांना दिवसा वीज. शेतकऱ्याने काहीच बसवायचं नाही, अर्ज नाही, पॅनेलचा नंबर तपासायचा नाही. ज्याला वेगळा पंप पाहिजे त्याला मागेल त्याला सौर कृषी पंप आहे, दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला पाच. माझ्या चुलतभावाला तो पंप मिळाला तेव्हा तो म्हणाला, आता रात्री झोप लागत नाही, सवयीने जाग येते आणि मग काय करायचं ते कळत नाही. मला म्हणायचं एवढंच की फीडरला सोलर जोडता येतं तर वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरला का नाही, हा प्रश्न मी एका इंजिनिअर मित्राला विचारला. तो म्हणाला तांत्रिकदृष्ट्या काहीच अडचण नाही. मग बराच वेळ थांबून म्हणाला, पण स्वस्त केलेली वीज शेवटी जाणार कुणाच्या मीटरला?

आपल्याकडची गावं पण काय काय करतात. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये पेपरात होती, घरं, शाळा, ग्रामपंचायत, रस्त्यावरचे दिवे, सगळं उन्हावर. वाडी केवढी, तर जेमतेम शंभरेक घरं. त्याआधी गुजरातचं मोढेरा, २०२२. मला मान्याचीवाडी जास्त जवळची वाटते, एक तर ती साताऱ्याची, आणि दुसरं म्हणजे शंभर घरांना एकत्र बसवून कुठल्याही गोष्टीला हो म्हणायला लावणं किती अवघड असतं ते मी सोसायटीत राहत असल्याने जाणते. गंमत बघा, सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एका आदर्श सौरग्रामाला एक कोटी रुपये ठेवलेत, गावांनी स्पर्धा करायची, पण स्पर्धेत यायला लोकसंख्या पाच हजारांच्या वर पाहिजे. म्हणजे जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि म्हणून अशी गोष्ट होऊ शकते, त्या वाड्या आधीच बाहेर.

आमची सोसायटी एकोणीसशे पंच्याण्णवची, चार मजले, सोळा फ्लॅट, आणि सोलरचा विषय एजीएममध्ये आला तेव्हा मला मान्याचीवाडीला हार घालावासा वाटला. कॉमन वापराला, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांना सोलर लावलं तर सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० मिळतात. दहा किलोवॅट म्हणलं तर एक लाख ऐंशी हजार. यात न पटण्यासारखं काय आहे? पहिला प्रश्न चौथ्या मजल्यावरून आला, गच्चीला भोकं पाडणार, मग लीकेज झालं तर कोण बघणार. दुसरा, वाळवणं कुठे घालायची. हा प्रश्न विचारणाऱ्या काकूंनी गेली कित्येक वर्षं कुरडया विकत आणल्यात, पण प्रश्न रास्त होता, मला आठवतं, याच गच्चीवर एप्रिलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, साबुदाण्याच्या पापड्या, गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, सांडग्यांवर बसणाऱ्या चिमण्या आणि त्यांना हाकलायला काठी घेऊन बसवलेली कुणाची तरी पोरं. तिसरा प्रश्न खरा होता, रिडेव्हलपमेंट. दोन-तीन वर्षांत बिल्डिंग पाडायची चर्चा आहे, मग आत्ता खर्च कशाला? शेजारची सोसायटी तर पाडून झाली, तिथे आता चौदा मजले उभे राहतायत, आणि एजन्सीचा माणूस येऊन सांगून गेला की तो टॉवर पूर्ण झाला की दुपारी तीननंतर आमची अर्धी गच्ची सावलीत. आमचं ऊन कुणीतरी एफएसआयमध्ये, म्हणजे उंच बांधायच्या परवानगीत, विकत घेतलंय आणि आम्हाला कुणी विचारलं पण नाही. यावर पहिल्यांदाच सगळी सोसायटी एका सुरात चिडली.

त्या चिडण्याच्या भरातच ठराव पास झाला. आहे तोवर आपलं ऊन वापरून घेऊ, पाडायची वेळ आली की पॅनेल काढून विकता येतात, नाहीतर नवीन बिल्डिंगवर. टॉवरच्या विरुद्ध बाजूला, सात किलोवॅट. मग खजिनदारांनी कॉमन मीटरवर काय काय आहे याची यादी वाचायला घेतली, लिफ्ट, पंप, जिना, गेटचे दिवे, आणि शेवटी, वॉचमनची खोली. जिन्याखालची. तिथे तो, त्याची बायको आणि दोन पोरं राहतात आणि त्यांची वीज पहिल्यापासून कॉमन मीटरवर आहे. कुणीतरी हसून म्हणालं, म्हणजे सगळ्या बिल्डिंगमध्ये सोलरवर राहणारं घर एकच की हो. हशा पिकला, आणि तो ओसरायच्या आत दुसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, मग तिथे सबमीटर लावून टाकू, एवी तेवी काम निघालंच आहे, उगाच एसी-बिसी लावून बसला म्हणजे. जिन्याखालच्या खोलीत एसी. मी म्हणलं सबमीटर लावून त्याला काय दराने देणार, फुकटात आलेली वीज? त्यावर दर काय असावा याची खरोखर चर्चा सुरू झाली, आठ म्हणाले, सहा म्हणाले, मी जरा मोठ्या आवाजात बोलले बहुतेक, कारण सगळे गप्प झाले. चेअरमन म्हणाले जाऊ द्या, लाईट आहे तशी राहू दे, त्याबदल्यात तो महिन्यातून दोनदा पॅनेल धुवेल. मी म्हणलं धुण्याचे पैसे वेगळे द्या, लाईट त्याच्याकडे आधीपासूनच आहे. पुन्हा अर्धा तास. शेवटी महिन्याला पाचशे ठरले, आणि खजिनदारांनी ते "सोलर मेंटेनन्स" या हेडखाली लिहून घेतले, पगारात नको म्हणाले, पगारात धरले तर दिवाळीच्या बोनसमध्ये मोजावे लागतील.